टँकरचे वजन होते, चालकाच्या मनावरच्या ओझ्याचे काय?

तारापूर एमआयडीसीत माल घेऊन येणारा टँकर वजनकाट्यावर चढतो. रिकामा किती, भरलेला किती, याची पावती निघते. थोडा फरक पडला तरी गेटवर भांडण होते. त्याच टँकरच्या केबिनमध्ये बसलेला माणूस किती तास जागा आहे, वाटेत त्याने किती फोन घेतले, डोक्यात कसले हिशोब चालू ठेवून तो इथवर आला, याची पावती मात्र कुठेच निघत नाही. अपघात झाला की मग कागदावर एकच ओळ येते : "चालकाच्या निष्काळजीपणामुळे."

आम्ही जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन अनेक वर्षे रुग्णालयात काढली. त्यातल्या बऱ्याच रात्री अपघात विभागात गेल्या. आता नोकरी सोडून पालघर, बोईसर, मनोर या भागातल्या वस्त्यांमध्ये आणि पाड्यांवर आरोग्याचे काम करतो. ही एक ओळ आम्ही स्वतःच्या हाताने कितीदा लिहिली असेल, ते मोजलेले नाही. आज या पानावर त्या ओळीबद्दलच बोलायचे आहे.

एक रात्र सांगतो. टँकरचा चालक पाय मोडून आला होता. वय चाळिशीच्या आसपास. त्याच्या टँकरची धडक बसलेला मोटारसायकलवरचा मुलगा दुसऱ्या स्ट्रेचरवर होता. एमआयडीसीत कंत्राटी पाळी संपवून घरी निघालेला. तो पहाटे गेला. आम्ही रीतीप्रमाणे चालकाच्या तोंडाचा वास घेतला. दारू नव्हती. तेवढे केसपेपरवर लिहिले आणि विचारले, "झोप लागली होती का रे?" तो म्हणाला, "नाही सिस्टर. डोळे उघडे होते माझे. समोरच बघत होतो. पण ती गाडी मला दिसलीच नाही."

खरे सांगायचे तर आमचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. समोर बघत होता आणि दिसले नाही, हे कसे शक्य आहे? खोटे बोलतोय, असेच वाटले. ड्रेसिंग करताना पुढच्या काही दिवसांत त्याने हळूहळू सांगितले. आदल्या दिवशी गुजरातमधून माल भरला. गेटवर दिवसभर ताटकळला. निघायला उशीर झाला म्हणून फोनवर फोन. फोन स्पीकरवर होता, हात स्टेअरिंगवरच होते. वेळेत पोहोचला नाहीस तर भाडे कापू, असे पलीकडून ऐकवले गेले. फोन बंद झाला आणि तो मनात हिशोब करू लागला : भाडे कापले तर हप्ता कसा जाईल, मुलीच्या फीचे काय. "हिशोब करत होतो सिस्टर, आणि एकदम आवाज आला."

तो खरे बोलत होता, हे आम्हाला पुष्कळ नंतर वाचनातून कळले.

डोळे उघडे, मन भरलेले

डोळा उघडा असला म्हणजे दिसतेच असे नाही. डोळ्याने टिपलेले मेंदूने घ्यावे लागते आणि मेंदूची ती ताकद मर्यादित आहे. एकाच वेळी दोन अवघड कामे दिली की एका कामातून काहीतरी गळते. भाजी निवडताना गप्पा मारता येतात, कारण भाजी निवडणे हाताला सवयीचे झालेले असते. पण सलाइनचे थेंब मोजताना कोणी प्रश्न विचारला तर मोजणी चुकते. प्रत्येक परिचारिकेने हे अनुभवले आहे. गाडी चालवणे या दोन्हींच्या मधले काम आहे. रस्ता मोकळा आणि ओळखीचा असला की ते भाजी निवडण्यासारखे असते. अचानक कोणी आडवे आले की त्याच क्षणी ते थेंब मोजण्याइतके अवघड होते. त्या क्षणी मन दुसरीकडे गुंतलेले असेल तर डोळ्यांसमोरची मोटारसायकलसुद्धा मनापर्यंत पोहोचत नाही.

स्पेनमध्ये रेकार्ते आणि नुनेस या दोन संशोधकांनी खऱ्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. चालकाला तोंडी हिशोबासारखी मनाची कामे दिली की त्याची नजर समोरच्या लहानशा भागात अडकून पडते. आरशात बघणे कमी होते, वेगाच्या काट्याकडे बघणेही कमी होते. चालकाला स्वतःला हे जाणवत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे समोर बघतच असतो. आमचा टँकरवाला नेमके हेच सांगत होता.

हे ओझे मोजता येते

मनावरचे ओझे ही केवळ बोलायची गोष्ट नाही. ताप, नाडी, रक्तदाब मोजतात तसे तेही मोजण्याच्या रीती आहेत.

पहिली रीत शरीराची. अपघाताचा रुग्ण आला की आम्ही टॉर्च मारून डोळ्याची बाहुली बघतो. १९६६ साली डॅनियल कानेमन आणि जॅक्सन बीटी यांनी दाखवून दिले की माणसाला आकडे लक्षात ठेवायला सांगितले तर आकडे वाढतील तशी बाहुली रुंदावते आणि आकडे सांगून मन मोकळे झाले की पुन्हा लहान होते. हृदयाचे ठोकेही अशाच कामाने वाढतात.

दुसरी रीत प्रतिसादाची. चालकाच्या नजरेच्या टप्प्यात एक छोटा लाल दिवा लावतात आणि बोटाला बटण बांधतात. दर तीन ते पाच सेकंदांनी दिवा लागतो. दिसला की बटण दाबायचे. मन मोकळे असेल तर बोट पटकन दाबते. मन गुंतले की उशीर होतो आणि काही वेळा दिवा लागल्याचे कळतच नाही. किती उशीर झाला आणि किती वेळा हुकला, हेच ओझ्याचे माप. या चाचणीला २०१६ पासून आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे जगभर एकाच पद्धतीने ती घेता येते.

तिसरी रीत सर्वांत स्वस्त : माणसालाच विचारणे. अमेरिकेच्या नासा संस्थेत सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी वैमानिकांसारख्या लोकांच्या कामाचे ओझे मोजण्यासाठी सहा प्रश्नांची पट्टी तयार केली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. डोक्याला किती ताण पडला? शरीराला किती? घाई किती होती? काम किती जमले? त्यासाठी किती झटावे लागले? चिडचिड किती झाली? आकाशात उडणाऱ्याला विचारण्याइतके हे प्रश्न महत्त्वाचे असतील, तर रसायन भरलेला टँकर घेऊन वस्तीतून जाणाऱ्याला ते कोणी का विचारू नयेत?

हँड्सफ्रीने हात मोकळे होतात

आमच्या सभांमध्ये चालक भाऊ नेहमी म्हणतात, "ताई, आम्ही फोन हातात धरत नाही. ब्लूटूथ आहे." मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आला, त्यामुळे हात मोकळे म्हणजे आपण सुरक्षित, असा समज झाला आहे. संशोधन वेगळे सांगते.

१९९७ मध्ये कॅनडातल्या टोरंटो शहरात रेडेलमायर आणि तिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित असल्याचे दिसले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी मनावरच्या ओझ्याची मोजपट्टीच तयार केली. नुसती गाडी चालवणे म्हणजे १ आणि गणितासोबत शब्द लक्षात ठेवण्याचे अतिशय अवघड काम म्हणजे ५. रेडिओ ऐकणे १.२१ वर आले. हातात फोन धरून बोलणे २.४५ आणि हँड्सफ्री २.२७. दोघांत फरक नावापुरता. बोलून संदेश लिहिण्याची यंत्रणा तर ३.०६ वर गेली.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याचे ओझेही या पट्टीवर २.३३ आले. मग फोनच का वाईट? कारण शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. घाट लागला, गुरे आडवी आली की तो गप्प होतो, कधी "अरे, जपून" म्हणतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही. पलीकडून बोलणारा साहेब असेल तर त्याला थांबवायची सोयही नसते.

जागरणाचे आणि गरिबीचे वजन

मनावरचे ओझे आणि थकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्या माणसांच्या वाट्याला त्या जोडीनेच येतात. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसांना जागे ठेवून हात आणि डोळ्यांच्या ताळमेळाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागे राहिल्यावर कामगिरी जितकी घसरली, तितकी घसरण १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना होते. २४ तासांनी ती १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीला गेली. आपल्या कायद्यात ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा होतो. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहा वाजताही गाडीवर असलेला चालक, दारूचा थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा असू शकतो. पोलिसांचे यंत्र त्याला "निर्दोष" दाखवील, कारण ते जागरण मोजत नाही.

आता त्यात पैशाची काळजी मिळवा. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांची कापणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि कापणीनंतर अशा दोन वेळा बुद्धी आणि लक्षाची चाचणी घेतली. माणसे तीच, पण ओढगस्तीच्या दिवसांत त्यांची चाचणी वाईट गेली. अभ्यास शेतकऱ्यांचा होता, चालकांचा नव्हता, हे लक्षात ठेवूया. तरीही आम्हाला त्यात आपला टँकरवाला दिसतो. हप्त्याचा हिशोब हे त्याच्या मनाला दिलेले दुसरे काम होते आणि ते काम त्याने हौसेने घेतलेले नव्हते.

पंचशीलाच्या पाचव्या शीलात मद्याबरोबर 'प्रमाद' हा शब्द येतो. वंदनेत आपण तो नेहमी म्हणतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मद्याने मन बेसावध होते, म्हणून मद्य टाळायचे. हा अर्थ नीट घेतला तर आपल्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागेल : जागरणाने, धमकीच्या फोनाने, कापल्या जाणाऱ्या भाड्याच्या भीतीने मन बेसावध होत असेल, तर त्या प्रमादाला जबाबदार कोण?

आपला रस्ता कसा आहे?

मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्या जिल्ह्यातून जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती योग्यच होती. पट्टा लावलाच पाहिजे, पुढेही आणि मागेही. पण तिथे पुलाच्या तोंडाशी तीन मार्गिकांचा रस्ता दोन मार्गिकांचा होत होता, हेही तेव्हा छापून आले होते. रस्ता अरुंद होतो तिथे चालकाला काही क्षणांत वेग, शेजारची गाडी, आरसा, कठडा या सगळ्यांचा विचार एकदम करावा लागतो. मनावरचे काम अशा जागी उसळी मारते. म्हणून खुणेची पाटी खूप आधी, मोठी आणि स्पष्ट असावी लागते. रस्ता बांधणाऱ्याची चूकसुद्धा चालकाच्या डोक्यावर वजन टाकते.

महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळून बोईसरकडे या. टँकर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, इको, मॅजिक, रिक्षा, पाळी सुटलेले सायकलस्वार, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, सगळे एकाच रस्त्यावर. नवापूर नाक्यावर संध्याकाळी उभे राहून बघा. किंवा पालघर–मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत पावसाळ्यात धुके उतरते तेव्हा बघा. लांब सरळ महामार्गावर तासन्‌तास काही न घडल्याने मन सुस्तावते आणि तिथून वळून आत आले की एका मिनिटात शंभर गोष्टी सांभाळायच्या. सुस्तावलेल्या मनाला ही उडी जड जाते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा आणि शेतकऱ्यांचा विरोध आहे. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण बंदर झाले तर कंटेनरची वाहतूक वाढणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मोजमापाची सवय लावायची असेल तर ती आत्ताच लावली पाहिजे.

मोजमाप कोणाच्या हातात?

इथे काही चालक भाऊ आम्हाला अडवतात, आणि बरोबर अडवतात. "ताई, मोजायला लागले की शेवटी आमच्याच गळ्याशी येणार. डोळ्यावर कॅमेरा लावतील आणि जांभई दिली की पगार कापतील." ही भीती पोकळ नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारगाडीत चालकाची पेंग ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. असली यंत्रे इथेही येतील. यंत्राने चालकाला सावध केले तर ते औषध. तीच नोंद मालकाकडे जाऊन त्यावरून दंड झाला तर ते विष, कारण दंडाच्या भीतीने मनावर आणखी एक ओझे चढते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. चालकाचे लक्ष मोजायचे ते त्याला पकडण्यासाठी मोजू नये. त्याच्यावर ओझे कोणी टाकले, ते शोधण्यासाठी मोजावे. टँकर जादा भरलेला निघाला तर कायदा माल भरणाऱ्यालाही विचारतो. मन जादा भरलेले निघाले तर ते भरणाऱ्यालाही विचारले पाहिजे.

"मग चालकाची काहीच जबाबदारी नाही का?" असे विचारणारेही भेटतात. त्यांना त्या मोटारसायकलवरच्या मुलाची आई आठवून आम्ही उत्तर देतो. जबाबदारी आहे. स्टेअरिंग त्याच्या हातात होते आणि एक मुलगा गेला. फोन बंद ठेवणे, झोप आली की गाडी बाजूला घेणे, दारूला न शिवणे ही त्याची जबाबदारी कोणीही उचलू शकत नाही. पण गाडी बाजूला घेतली म्हणून ज्याचे भाडे कापले जाते, त्याच्यापुढे आपण खरी निवड ठेवली आहे का, हेही विचारावे लागेल. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे वाहन चालवण्याला कलम २८१ आहे, निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला कलम १०६ आहे. ही कलमे रक्त सांडल्यावर जागी होतात. रक्त सांडण्याआधी चालकाला किती तास राबवले, हे बघणारे हात आपल्याकडे कमी पडतात.

बाबासाहेबांनी तास मोजायला लावले

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. दमलेला कामगार यंत्रावर उभा राहिला की पहिले त्याचेच बोट जाते, हे सांगायला तेव्हा प्रयोगशाळा लागली नव्हती. पण तास लिहून ठेवल्याशिवाय हक्क सिद्ध होत नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते.

पुढे १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा आला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम न करवता मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा त्याने घातली. मालकाच्या हुकमात घालवलेला वेळ आणि जोडकामही त्याने कामाच्या तासांत धरले. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे, आठ तासांचे तत्त्व मात्र कायम आहे. प्रत्यक्षात महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर जाऊन पाच चालकांना विचारा, काल किती तास गाडीवर होता? उत्तर ऐकून कायदा कुठे आहे ते कळेल.

आपण काय करू शकतो?

सगळ्यांत आधी घरात. चालकाला फोन लावला की पहिला प्रश्न एकच : "गाडी चालू आहे का?" हो म्हणाला तर "थांबलास की लाव" म्हणून फोन ठेवायचा. भाजी काय आणायची, पोराचा निकाल काय लागला, कोणाशी काय भांडण झाले, सगळे नंतर. हे आम्ही स्वतःच्या घरात लागू केले तेव्हा पहिले काही दिवस रुसवेफुगवे झाले. मग सवय लागली. चालत्या गाडीत भांडणाचा फोन तर कधीच नको. फोन बंद झाल्यावरही भांडण डोक्यात चालूच राहते.

दुसरे, विहारात. ३० सेंटिमीटरची शाळेतली पट्टी घ्या. एकाने ती वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवायची. दुसऱ्याने खाली शून्याच्या आकड्याजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, पट्टीला न लावता. न सांगता पट्टी सोडायची. खालच्याने पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२० सेकंद लागले. सबंध पट्टी निसटली तर पाव सेकंदाइतका वेळ हातातून गेला. चार-पाच वेळा करून बघा. मग त्याच माणसाला शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजायला लावा : ९३, ८६, ७९… आणि मोजणी चालू असताना पट्टी सोडा. आम्ही वस्त्यांमध्ये हा खेळ घेतो. आधी सगळे हसतात. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाच्या बोटांमधून पट्टी सरळ खाली पडते, तेव्हा हसणे थांबते. हा खेळ म्हणजे वैद्यकीय तपासणी नाही. यावरून कोणाला चांगला किंवा वाईट चालक ठरवायचे नाही. फक्त एवढे समजून घ्यायचे की ६० च्या वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. त्या आठ मीटरांत मोटारसायकल असू शकते.

तिसरे, वही. चालक भावांनी रोज फेरी संपल्यावर चार गोष्टी लिहाव्यात : किती वाजता उठलो, किती तास गाडीवर आणि गेटवर गेले, चालत्या गाडीत कामाचे किती फोन आले आणि मनावर ताण किती होता, दहापैकी किती. महिनाभराच्या अशा वह्या एकत्र आल्या तर कंपनीसमोर, कामगार कार्यालयात, आरटीओत बोलायला आपल्याकडे आकडे असतील. लेखी नोंदीची किंमत आपल्या समाजाला समजावून सांगायला नको. आणि ही वही चालकाची राहील, मालकाची नाही.

चौथे, मागण्या. चालत्या गाडीवरच्या चालकाला कामाचा फोन करायचा नाही, असा लेखी नियम प्रत्येक कंपनीने आणि वाहतूकदाराने करावा. निरोप संदेशाने पाठवावा, तो गाडी थांबवून वाचेल. गेटवर चालक किती वाजता आला आणि किती वाजता सुटला, हे वजनकाट्याच्या पावतीवरच छापावे. त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही. एमआयडीसीत चालकांसाठी झोपायची खोली, पाणी आणि संडास असावा. केबिनमध्ये स्टेअरिंगला डोके टेकून काढलेल्या डुलकीला विश्रांती म्हणता येत नाही.

शेवटची मागणी आमच्याच क्षेत्राकडे आहे. अपघाताच्या केसपेपरवर दारूचा रकाना असतो. त्याखाली आणखी दोन ओळी हव्यात : "किती तासांपासून जागा?" आणि "अपघाताच्या आधी फोन चालू होता का, कोणाचा?" अपघात विभागातल्या परिचारिका भगिनींनो, छापील रकाना येईपर्यंत आपण या दोन ओळी पेनने लिहू शकतो. विचारताना आवाज चढवू नका. समोरचा माणूस वेदनेत असतो आणि घाबरलेला असतो. त्या रात्री आम्ही टँकरवाल्याला हे विचारले असते, तर त्याचे उत्तर तेव्हाच कागदावर आले असते. ड्रेसिंगच्या ट्रेजवळ बोलून ते हवेत विरले नसते.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर आपल्या विहारात एक पट्टी आणि एक वही ठेवा. वस्तीतले रिक्षावाले, टँकरवाले, कंपनीच्या बसवरचे भाऊ यांना चहाला बोलवा. त्यांच्या घरच्या बायांनाही बोलवा, कारण फोन बहुतेक वेळा त्याच लावतात. पहिल्या बैठकीत त्यांना नियम सांगू नका. फक्त विचारा, काल किती वाजता उठला होतात?

जयभीम.